एनएचएलमधील बचावपटूची ट्रेड-किंमत कशी जोखावी

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, नव्याने पाहू लागलेल्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त कोड्यात टाकतात ते बचावपटूंचे ट्रेड, म्हणजे संघांमधले अदलाबदलीचे सौदे. गोल करण्यासाठी कधीच ओळखला न गेलेला डेव्हिड सावार २०२१ मध्ये कोलंबसहून निघतो, तेव्हा टॅम्पा बे त्याच्यासाठी ड्राफ्टमधला (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, मोजते. आणि २०२२-२३ च्या हंगामात १०१ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकलेला एरिक कार्लसन त्याच उन्हाळ्यात सॅन होजे सोडतो, तेव्हा त्या संघाच्या हातीही पहिल्या फेरीचा एकच पिक पडतो. खेळाडू किती चांगला आहे आणि बाजारात त्याचे काय मिळेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचा हिशेब पुष्कळ सोपा होतो.

क्रिकेटकडून आलेल्या वाचकाने आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईकडे आला तो पूर्णपणे रोखीच्या व्यवहारात. एनएचएलमध्ये असा सौदा होऊच शकत नाही, कारण २००५ पासून तिथे ट्रेडमध्ये रोख रक्कम देण्यास मनाई आहे. खेळाडू, ज्यांना अजून वरच्या पातळीवर संधी मिळालेली नाही असे होतकरू तरुण, आणि पुढच्या ड्राफ्टमधले पिक, एवढीच काय ती चलने. शिवाय प्रत्येक संघावर पगाराची कडक मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख झाली. त्यामुळे खेळाडूबरोबर त्याचा करारही नव्या संघाच्या खात्यावर येऊन बसतो.

पहिली पायरी: गुणांच्या आधी मिनिटे पाहा

सामना ६० मिनिटांचा असतो, संघात साधारणपणे सहा बचावपटू खेळतात आणि एका वेळी बर्फावर दोघे असतात. म्हणजे समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटे येतात. हा आकडा मोजपट्टी म्हणून वापरावा. सामन्यामागे चोवीस-पंचवीस मिनिटे खेळणारा बचावपटू प्रशिक्षकाच्या लेखी पहिल्या जोडीतला आहे, सोळा-सतरा मिनिटांचा तिसऱ्या जोडीतला आहे, मग वर्तमानपत्रे काहीही म्हणोत. प्रशिक्षकाला रोज जिंकायचे असते, म्हणून त्याने दिलेली मिनिटे हे सर्वांत कमी भाबडे मत असते.

मात्र ही मिनिटे कोणत्या प्रकारची आहेत हेही तपासावे लागते. पाच विरुद्ध पाच असताना, पॉवर प्लेवर (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू कमी असताना) आणि पेनल्टी किलवर (आपला खेळाडू कमी असताना) अशी तीन वेगळी खाती असतात. पॉवर प्लेवर बहुतेक संघ आता एकच बचावपटू उतरवतात, आणि त्या जागी असलेल्याचे गुण आपसूक वाढतात. पेनल्टी किलवर दोघे असतात, आणि तिथे गुण मिळतच नाहीत असे म्हटले तरी चालेल. संघाच्या एक गोलाच्या आघाडीचे रक्षण करताना शेवटच्या दोन मिनिटांत कोण उतरतो, हे दोन-तीन सामने नुसते डोळ्यांनी पाहिले तरी बरेच काही कळते.

दुसरी पायरी: आकड्यांचा अर्थ लावा, पण त्यांच्या आहारी जाऊ नका

गोल आणि असिस्ट (गोलाला साहाय्य करणारे पास) यांची बेरीज म्हणजे गुण. आघाडीच्या खेळाडूसाठी हा आकडा उपयोगी आहे. बचावपटूसाठी तो अर्धे चित्र देतो. कार्लसनने १०१ गुण मिळवले त्या हंगामात सॅन होजेने ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकले, यात सगळे आले. प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) हा जुना आकडा तर नवशिक्याने सरळ बाजूला ठेवावा, कारण आपल्या संघाच्या चांगल्या गोलरक्षकासमोर खेळणारा सामान्य बचावपटूही त्यात चमकतो.

त्याऐवजी दोन आकडे शिकून घ्यावेत. पहिला कोर्सी: खेळाडू बर्फावर असताना दोन्ही संघांनी मारलेल्या, अडवलेल्या आणि हुकलेल्या सर्व फटक्यांपैकी किती टक्के आपल्या संघाचे होते. ५० टक्क्यांच्या वर असेल तर त्याच्या उपस्थितीत पक (खेळातली रबरी चकती) बहुतांशी पलीकडच्या बाजूला असतो. दुसरा अपेक्षित गोल: प्रत्येक फटका कुठून आणि कसा मारला गेला यावरून त्याचा गोल होण्याची शक्यता मांडतात आणि तिची बेरीज करतात. हे दोन्ही आकडे त्याच संघातील इतर बचावपटूंच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दुर्बळ संघातला ४८ टक्के आणि बलाढ्य संघातला ५२ टक्के यांची थेट तुलना करणे व्यर्थ आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या फळीसमोर त्याला उतरवतात की चौथ्या, आणि त्याचे बहुतेक फेस-ऑफ (पक टाकून खेळ सुरू करणे) स्वतःच्या गोलजवळ होतात की समोरच्याच्या, हेही पाहून घ्यावे.

तिसरी पायरी: करार वाचा

इथे मात्र सावकाश जायला हवे. जुलै २०२१ मध्ये शिकागोने सेथ जोन्सला कोलंबसकडून घेतले आणि त्यासाठी तरुण बचावपटू ॲडम बोकविस्ट, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक दिला. बदल्यात जोन्ससोबत पहिल्या फेरीच्या तळातला एक पिक आणि नंतरच्या ड्राफ्टमधला सहाव्या फेरीचा एक पिक परत आला. लगोलग त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला ९५ लाख डॉलरचा करार झाला. तो २०२२-२३ पासून लागू झाला, तेव्हा पगारमर्यादा ८ कोटी २५ लाख होती, म्हणजे एकट्या जोन्सने मर्यादेचा साडेअकरा टक्के भाग व्यापला. त्याच्या खेळात खोट होती असे नाही. शिकागोचा संघ कोसळत असताना एवढ्या पगाराचा बचावपटू कोणालाही जड वाटू लागला.

मार्च २०२५ मध्ये शिकागोने त्याला फ्लोरिडाकडे पाठवले, तेव्हा त्याच्या पगारातील वर्षाला २५ लाख डॉलर स्वतःच्या खात्यावर ठेवण्याचे कबूल केले. फ्लोरिडासाठी तो ७० लाखांचा बचावपटू झाला, आणि वाढत्या मर्यादेत हे ओझे सव्वासात टक्क्यांच्या आसपास आले. खेळाडू तोच होता, चार वर्षांनी थोराडही झाला होता, तरी शिकागोला त्याच्यासाठी गोलरक्षक स्पेन्सर नाइट आणि पहिल्या फेरीचा एक सशर्त पिक मिळाला. त्याच वर्षी फ्लोरिडाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. म्हणून पगार डॉलरमध्ये न वाचता मर्यादेच्या टक्क्यांत वाचण्याची सवय लावून घ्यावी, आणि मर्यादा पुढे वाढणार असेल तर दोन-तीन वर्षांनंतरची टक्केवारीही मांडून पाहावी. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांचा आकडा जाहीर झाल्याने २०२३ मध्ये महाग वाटलेले काही करार आज चक्क स्वस्त दिसतात.

उलट बाजूचा धडा ऑलिव्हर एकमन-लार्सनचा. व्हँकुव्हरने २०२१ मध्ये त्याला कॉनर गारलँडसह ॲरिझोनाकडून घेतले, तेव्हा त्याच्या वर्षाला ८२.५ लाखांच्या कराराचे सहा हंगाम बाकी होते आणि तो तिशीत होता. दोनच हंगामांनंतर, २०२३ मध्ये, व्हँकुव्हरने तो करार बायआउट करून (उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन) मोडून टाकला, आणि त्याचा भार त्यांच्या पगारमर्यादेवर २०३०-३१ पर्यंत राहणार आहे. हाच खेळाडू नंतर फ्लोरिडात स्वस्त करारावर आला आणि २०२४ मध्ये स्टॅनली कप विजेत्या संघात होता. तिशी ओलांडलेल्या बचावपटूच्या कराराची चौथी, पाचवी, सहावी वर्षे ही किंमत वाढवत नाहीत, घटवतात. हे वाक्य नवख्याने वहीत लिहून ठेवावे असे माझे मत आहे.

चौथी पायरी: किती काळ उरला आहे

करार जवळजवळ संपत आला असेल तर खरेदीदार केवळ काही आठवड्यांचा खेळ विकत घेतो. अशा खेळाडूला तिथे रेंटल म्हणतात. करार संपल्यावर खेळाडू कोणत्या प्रकारे मोकळा होतो यावरही किंमत ठरते: सर्वसाधारणपणे वयाची २७ वर्षे किंवा लीगमधले सात हंगाम झाले की तो हवा त्या संघाकडे जाऊ शकतो, त्याआधी मात्र त्याच्यावरचे हक्क जुन्या संघाकडेच राहतात. हक्क हाताशी असलेला तरुण म्हणूनच महाग असतो.

या पायरीचा परिणाम पाहायला जेकब चिकरनइतका नेमका दाखला दुसरा नाही, कारण एकाच करारावर तो दोनदा विकला गेला. मार्च २०२३ मध्ये ॲरिझोनाने त्याला ओटावाकडे दिले. वय पंचविशीच्या उंबरठ्यावर, पगार ४६ लाख, आणि चालू हंगामाखेरीज आणखी दोन पूर्ण हंगाम बाकी. मोबदला होता पहिल्या फेरीचा एक आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक. त्यांतला पहिला पुढे बाराव्या क्रमांकाचा ठरला. जुलै २०२४ मध्ये ओटावाने त्यालाच वॉशिंग्टनकडे पाठवले, तेव्हा हाती आले तेहतीस वर्षांचा निक जेन्सन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक. चिकरन सोळा महिन्यांत इतका वाईट झाला नव्हता. फरक असा की आता एकच हंगाम उरला होता, नव्या करारात तो मोठी रक्कम मागणार हे उघड होते, आणि ओटावाकडे टॉमस शॅबट व जेक सँडरसन हे डाव्या हाताचे दोन बचावपटू आधीच असल्याने त्यांना उजव्या हाताचा जेन्सन अधिक सोयीचा वाटत होता. वॉशिंग्टनमध्ये पहिल्याच हंगामात चिकरनने २० गोल केले आणि त्याला आठ वर्षांचा, वर्षाला ९० लाखांचा करार मिळाला. ओटावाने घाई केली असे आता म्हणता येते. पण सौद्याच्या दिवशी बाजारभाव तेवढाच होता.

पाचवी पायरी: वय आणि हात

बचावपटू उशिरा पिकतो. आघाडीचा खेळाडू विशीच्या सुरुवातीलाच मोहरतो, बचावपटूचे खरे रूप मात्र बहुधा तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी दिसते. म्हणून एकवीस वर्षांच्या मुलाच्या चुका पाहून त्याला मोडीत काढू नये.

हाताचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. उजव्या बाजूला खेळणाऱ्याने स्टिक उजव्या हाताची धरलेली असावी असे प्रशिक्षकांना वाटते, कारण कडेच्या फळीवरून आलेला पक त्याला सरळ झेलता येतो आणि मध्याकडे पास देताना अंग वळवावे लागत नाही. लीगमध्ये डाव्या हाताचे बचावपटू संख्येने जास्त आहेत, त्यामुळे उजव्या हाताच्या चांगल्या बचावपटूला टंचाईचा भाव मिळतो. जून २०१६ मध्ये एडमंटनने टेलर हॉलसारखा आघाडीचा खेळाडू देऊन न्यू जर्सीकडून ॲडम लार्सनला घेतले, एकास एक. उजव्या हाताच्या बचावपटूची गरज एडमंटनला किती जाळत होती हे त्यातून दिसते. हॉलने २०१८ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकली आणि एडमंटनच्या पाठीराख्यांच्या जखमेवर मीठ चोळले गेले. टंचाईचा भाव खरा असतो, पण त्याला मर्यादा असते. जून २०२५ मध्ये माँट्रियलने उजव्या हाताच्या, पंचवीस वर्षांच्या नोआ डॉब्सनसाठी त्या वर्षीचे सोळावा आणि सतरावा हे दोन पिक आणि एमिल हाइनमन दिला, आणि त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला ९५ लाखांचा करार केला. हात, वय आणि उरलेला काळ हे तिन्ही जुळले की भाव कुठे जातो याचा हा सध्याचा चांगला मापदंड आहे.

सहावी पायरी: विकणारा किती अडला आहे

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण एनएचएलच्या व्यवस्थापकांना तंतोतंत लागू पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्स पगारमर्यादेत इतके जखडले होते की डेव्हॉन टेव्हजला नवा करार देणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. कोलोरॅडोने तो दुसऱ्या फेरीच्या दोन पिकमध्ये उचलला, चार वर्षांसाठी, वर्षाला ४१ लाखांचा करार केला, आणि २०२२ मध्ये स्टॅनली कप जिंकताना तो त्यांच्या पहिल्या जोडीत होता. म्हणून विकणाऱ्या संघाकडे मर्यादेखाली किती जागा आहे हे सौद्याआधी पाहावे.

दुसरी अडचण खेळाडूकडून येते. मोकळा होण्याइतकी वर्षे भरल्यानंतर करारात नो-ट्रेड किंवा नो-मूव्ह कलम घालता येते. मग तो नकार देऊ शकतो किंवा ठरावीक संघांची यादी देतो, आणि बोली लावणारे बत्तीसवरून दोन-तीनवर येतात. कलम नसतानाही इच्छा दामटता येते. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ॲडम फॉक्सने कॅरोलायनाशी करार न करण्याची चिन्हे दाखवली, तेव्हा २०१९ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सना त्याचे हक्क दुसऱ्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीचा एक सशर्त पिक एवढ्यावर मिळाले. दोन वर्षांनी तो नॉरिस विजेता होता. डिसेंबर २०२५ मध्ये व्हँकुव्हरने क्विन ह्यूजला मिनेसोटाकडे दिले, तेव्हा मात्र करार २०२६-२७ पर्यंतचा असल्याने त्यांच्या हातात अजून वेळ होता, आणि मार्को रॉसी, झीव्ह ब्यूइअम, लिअम ओग्रेन व पहिल्या फेरीचा एक पिक असा घसघशीत मोबदला मिळाला. तोच सौदा वर्षभर पुढे ढकलला असता तर एवढे मिळाले नसते.

सातवी पायरी: पगार कोण भरणार

विकणारा संघ खेळाडूच्या पगाराचा जास्तीत जास्त अर्धा भाग स्वतःकडे ठेवू शकतो, आणि असे करार एका वेळी तीनच. या सवलतीची किंमत खरेदीदार पिकमध्ये मोजतो. सावारचे कोडे इथे उलगडते. त्याचा करार वर्षाला ४२.५ लाखांचा होता. कोलंबसने निम्मा, म्हणजे २१.२५ लाख, स्वतःकडे ठेवून त्याला डेट्रॉइटकडे पाठवले. डेट्रॉइटने उरलेल्याचा निम्मा, १०.६२५ लाख, स्वतःच्या खात्यावर घेतला; टॅम्पाच्या खात्यावर तेवढेच १०.६२५ लाख आले. कोलंबसला पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक, डेट्रॉइटला नुसत्या मध्यस्थीसाठी चौथ्या फेरीचा. टॅम्पाच्या तिजोरीत जागाच नव्हती, त्यामुळे पहिल्या फेरीच्या त्या पिकचा निदान काही भाग सावारसाठी नसून ७५ टक्के सवलतीसाठी होता. टॅम्पाने त्या वर्षी कप जिंकला.

ही दुहेरी कपात आता सहज जमत नाही: २०२५-२६ पासून एकाच करारावर दुसऱ्यांदा पगार राखायचा असेल तर मध्ये नियमित हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात. जुने सौदे तुलनेसाठी घेताना हा फरक लक्षात न ठेवल्यास अंदाज हमखास चुकतो.

आठवी पायरी: मोबदला नीट वाचा

"पहिल्या फेरीचा पिक" हे शब्द फसवे आहेत. कप जिंकणाऱ्या संघाचा पिक बत्तिसावा असतो, तळाच्या संघाचा पहिल्या काहींत. शिकागोने जोन्ससाठी दिलेल्या दोन पिकपैकी २०२२ चा पिक सहाव्या क्रमांकाचा ठरला आणि कोलंबसने त्यातून डेव्हिड यिरिचेक हा बचावपटूच निवडला. सॅन होजेने २०१८ मध्ये कार्लसनला ओटावाकडून आणताना दिलेला पहिल्या फेरीचा पिक २०२० मध्ये तिसरा निघाला, आणि ओटावाला टिम श्टुट्झले मिळाला. म्हणून पिक कोणाचा, कोणत्या वर्षाचा, आणि वरचा क्रमांक आल्यास तो पुढे ढकलण्याची अट आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मोबदल्याला नाव ठेवू नये.

परत येणारे प्रत्येक नाव हे फायद्याचेच असते असेही नाही. २०२३ मध्ये कार्लसनच्या बदल्यात सॅन होजेकडे मिकाएल ग्रानलुंड, यान रुटा आणि माइक हॉफमन आले ते मुख्यतः पगारांचा मेळ बसवण्यासाठी. वर्षाला १ कोटी १५ लाखांच्या त्या करारातील १५ लाख सॅन होजेने स्वतःकडे ठेवले, तरी पिट्सबर्गला १ कोटीची जागा करावी लागली होती. हा करार २०२६-२७ पर्यंतचा, आणि खेळाडू तेहतीस वर्षांचा. नॉरिस विजेत्याला एकच पिक का, याचे उत्तर तिसऱ्या पायरीत दडलेले आहे.

आता अंदाज बांधा

एखाद्या बचावपटूचे नाव चर्चेत आले की त्याच्यासारखे अलीकडच्या दोन-तीन वर्षांतले तीन सौदे शोधावेत: वय दोन वर्षांच्या फरकात, मिनिटे सारखी, उरलेला काळ सारखा. त्यांतील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मोबदला लिहून काढावा. मग हात, राखलेला पगार, नो-ट्रेड कलम आणि विकणाऱ्याची अडचण यांप्रमाणे आकडा वर-खाली सरकवावा. एकच उत्तर न काढता पट्टा काढावा, जसे की "दुसऱ्या फेरीचा एक पिक ते पहिल्या फेरीच्या तळाचा एक पिक". ज्याचे हक्क अजून संघाकडे आहेत अशा तरुण बचावपटूसाठी ऑफर शीटचा तक्ताही जवळ ठेवावा (ऑफर शीट म्हणजे दुसऱ्या संघाने अशा खेळाडूला देऊ केलेला करार; जुन्या संघाने तो जुळवला नाही तर त्याला रकमेनुसार ठरलेले पिक मिळतात): ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसने फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५.८ लाखांची ऑफर शीट दिली, एडमंटनने ती जुळवली नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांना दुसऱ्या फेरीचा पिक तेवढा मिळाला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेल्या बचावपटूसाठी हा मोबदला कमी वाटतो, पण व्यवस्थापक पुढच्या वाटाघाटीत त्याचा दाखला देणारच.

कराराची माहिती पकपीडियावर मिळते. जुन्या लेखांत सतत येणारे कॅपफ्रेंडली हे संकेतस्थळ वॉशिंग्टन कॅपिटल्सने २०२४ मध्ये विकत घेतल्यावर सर्वांसाठी बंद झाले, तेव्हा त्याच्या दुव्यांवर वेळ घालवू नये. कोर्सी आणि अपेक्षित गोल नॅचरल स्टॅट ट्रिकवर मोफत पाहता येतात, आणि स्केटिंगचा वेग वगैरे लीगच्या स्वतःच्या एज विभागात. अंदाज तारखेसह सौद्याआधी लिहावा, आणि सौदा झाल्यावर आपण कोणत्या पायरीवर चुकलो ते तिथेच शेजारी नोंदवावे. बहुतेक नवख्यांची चूक चौथ्या पायरीवर निघते.